फाळका उतरवताना : वडाळ्याच्या एका सहाचाकी ट्रकचं रंगकाम

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये उभ्या राहणाऱ्या एका ट्रकचा मागचा फाळका, म्हणजे मालाच्या हौद्याचं मागचं उघडणारं दार, खालून सडला होता आणि २०२५चं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) तोंडावर आलं होतं. गाडी २००८ साली नोंदलेली टाटा १६१३. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे कंपनीकडून चेसिस आणि काऊल (केबिनचा पुढचा सांगाडा) घेऊन केबिन-हौदा बाहेर बांधून घेतलेला. आधी काही वर्षं भाऊच्या धक्क्यावरून बर्फातली मासळी, नंतर वाशीच्या बाजारातून कांदा-बटाटा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं, त्यामुळे फाळक्याचा निर्णय लांबवण्याची सोय नव्हती.

निर्णयाला वाटेकरी मात्र चार होते. मालकांच्या चिरंजीवांना लाकडी फाळका काढून पत्र्याचा बसवायचा होता, वर रेडियमची, म्हणजे मशिनवर कापलेल्या चिकट व्हिनाइलची, अक्षरं. मालकांना हातानं रंगवलेलाच हवा होता, कारण देवीचं नाव मशिनवर कापून चिकटवणं त्यांना पटत नव्हतं. पेंटरचं म्हणणं, "शेठ, सडल्या फळ्या बदला, बाकी जुन्यावरच हात मारतो, दोन दिवसांत गाडी देतो." चौथा वाटेकरी म्हणजे शहरातल्या एका कला महाविद्यालयाचा विभाग. त्यांना जुना फाळका आहे तसा संग्रहासाठी हवा होता, आणि नवा फाळका जुन्याबरहुकूम रंगवला जावा अशीही त्यांची इच्छा होती.

यातली प्रत्येक मागणी एकेकटी रास्त होती. पण जुन्यावर हात मारला की संग्रहाला काही उरत नाही. जुना जपायचा म्हणून गाडीवरच ठेवला, तर खालची कड पासिंगला अडते. शिवाय रंग वाळेपर्यंत गाडी चार दिवस उभी ठेवणं म्हणजे चार दिवसांचा खाडा, आणि चिरंजीवांचा खरा आक्षेप तोच होता. हातकामाला रेडियमनं मागे टाकलं ते मजुरीच्या फरकामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. मजुरीत फरक आहेच, पण निर्णायक ठरतो तो वेळ. रेडियमवाला दोन तासांत गाडी सोडतो, एनामेलला (तैलरंगाला) वाळायला रात्र लागते आणि असे हात, म्हणजे थर, तीन-चार असतात.

फाळक्यावर काय होतं

फाळका सात फूट लांब, अडीच फूट उंच. चाळीस मिलिमीटरच्या अँगलची चौकट, तीत सहा इंच रुंदीच्या पाच आडव्या फळ्या, त्यांना धरणाऱ्या दोन उभ्या लोखंडी पट्ट्या, खाली तीन बिजागऱ्या, वर दोन्ही बाजूंना कडी-साखळी. या दोन पट्ट्यांमुळे फाळक्याचे आपोआप तीन खण पडतात. मधला मोठा, बाजूचे लहान. पेंटरची मांडणी या खणांवरच ठरते. मधल्या खणात गाय-वासरू, मागे दोन डोंगर आणि उगवता सूर्य. डावीकडे कमळ, उजवीकडे मोर. वरच्या फळीवर 'आई एकवीरा प्रसन्न', खालच्या फळीच्या दोन टोकांना 'पुन्हा' आणि 'भेटू', आणि त्यांच्यामध्ये काळ्या रंगाचा एक आडवा पट्टा. उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि मोबाइल नंबर, अक्षरं अर्ध्या इंचाची.

तो काळा पट्टा सगळ्यांत बोलका. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून व्यावसायिक वाहनांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई केली. ही ओळ मागच्या चालकाला उगाच हॉर्न वाजवायला सांगते आणि ध्वनिप्रदूषण वाढवते, हे कारण. त्यानंतरच्या पासिंगला राज्यभर पेंटरांनी ती ओळ मिटवली, पण मिटवण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. कोणी पूर्ण फळी रंगवली, कोणी रेडियमची पट्टी मारली, कोणी त्या जागी सामाजिक संदेश लिहिला. या गाडीवर पेंटरनं फक्त अक्षरांपुरता काळा हात फिरवला होता. तिरप्या उजेडात बघितलं की पट्ट्याखाली अक्षरांच्या कडा अजून उठून दिसत होत्या.

अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या गाड्या-बसवर जी 'फिलेतेआदो' नावाची नक्षी काढत, तिच्यावर १९७५ साली बसपुरती बंदी आली. ती कला मग दुकानांच्या पाट्यांवर सरकली आणि २०१५ साली, म्हणजे आपल्या परिपत्रकाच्याच वर्षी, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ढाक्याच्या रिक्षा आणि रिक्षाचित्रं २०२३ साली त्याच यादीत आली. दोन्ही ठिकाणी नोंद झाली ती रंगवण्याच्या रिवाजाची, एखाद्या विशिष्ट गाडीची नाही. मुंबईच्या या फाळक्याबाबतही हाच मुद्दा पुढे निर्णायक ठरला.

अर्धा मिलिमीटर

डाव्या खालच्या कोपऱ्यात रंगाची खपली निघाली होती. तिथे भिंगातून पाहिलं तर लाकडावर गुलाबी वुड प्रायमर, त्यावर पिवळा, मग हिरवट, पुन्हा पिवळा, लाल, पिवळा, अशा सात वेळच्या रंगकामांच्या कडा मोजता येत होत्या. ब्रशनं मारलेल्या एनामेलचा वाळलेला थर साधारण पंचवीस-तीस मायक्रॉनचा (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). एका रंगकामात दोन हात धरले तर सात रंगकामांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर भरते. गाडीच्या पासिंगचा इतिहास एवढ्या जागेत मावला होता.

दोन इंच बाय एक इंचाची एक खिडकी सर्जिकल ब्लेडनं थर उलगडत उघडली, तेव्हा 'भेटू'च्या खाली 'मिलेंगे'चा तुकडा निघाला. सुरुवातीची वर्षं गाडी उत्तरेकडच्या फेऱ्या मारत असे, हे मालकांनी नंतर सांगितलं. म्हणजे फाळका गाडीच्या धंद्याबरोबर भाषाही बदलत गेला होता. मुंबईची म्हणून शुद्ध अशी ट्रकशैली दाखवता येत नाही ती यामुळेच. तमिळनाडूतल्या नामक्कलहून बांधून आलेली बॉडी, पंजाबी मालकाच्या गाडीचे गोंडे आणि परांदे, साताऱ्याकडची 'येळकोट येळकोट जय मल्हार'ची ओळ हे सगळं वडाळा, कळंबोली, वाशी इथे एका रांगेत उभं राहतं आणि पेंटर एकमेकांचं उचलतात. इंटरनेटवर 'ट्रक आर्ट' म्हणून जी पूर्ण अंगभर नक्षीची चित्रं फिरतात ती बहुतेक पाकिस्तानातली असतात, आणि हल्ली कॅफेवाले मुंबईच्या पेंटरांकडे त्यांचीच नक्कल मागतात. पेंटर ती करून देतात. पोट आहे.

सगळ्यांत खालचा पिवळा फार तेजस्वी होता आणि एका हातात झाकलेला दिसत होता. हे शिशाच्या क्रोम पिवळ्याचं लक्षण. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात नव्वद भागांवर नसावं, हा नियम २०१६चा, अंमल नोव्हेंबर २०१७पासून. ट्रकचे पेंटर दुकानात मिळणारे हेच एनामेलचे डबे वापरतात. त्याआधीच्या कुठल्याही फाळक्यावर शिसं आहे असं धरूनच चालावं. कोरड्या पॉलिश पेपरनं असा फाळका घासला की शिशाची धूळ थेट पेंटरच्या आणि शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या छातीत जाते. पाणी पेपर, ओला फडका, मास्क, आणि घासलेला चोथा गटारात न सोडता पिशवीत, एवढं तरी हवंच. ब्लो टॉर्चनं जुना रंग जाळून काढायची पद्धत तर बंदच केलेली बरी.

वेगळी चौकट

तोडगा सुताराकडून आला. जुना फाळका गाडीवर तसाच राहू द्यायचा, गाडी चालू ठेवायची. दरम्यान नवी अँगलची चौकट आणि नव्या फळ्या टर्मिनलबाहेरच्या शेडमध्ये तयार करून तिथेच रंगवायच्या. शेवटी अर्ध्या दिवसात बिजागऱ्यांच्या पिना काढून अदलाबदल. खाडा अर्ध्या दिवसावर आल्यावर चिरंजीवांचा विरोध मावळला. जुना फाळका अखंड सुटणार म्हणून महाविद्यालयाचंही काम झालं.

त्यासाठी मापं आधी घ्यावी लागली. बिजागऱ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर तिन्ही ठिकाणी वेगळं मोजायचं, कारण सतरा वर्षांच्या गाडीचा हौदा कुठे ना कुठे झुकलेला असतोच. इथे डाव्या-उजव्या उंचीत पाऊण इंचाचा फरक निघाला. सुतारानं चौकट काटकोनात न करता हौद्याला जुळेल अशी केली. काटकोनात केली असती तर कडी लागली नसती.

जागेचा हिशेब

नव्या फाळक्यावर पेंटरला किती जागा उरते, हे आता आधी नियम ठरवतात. मागच्या बाजूला लाल परावर्तक टेप लागते, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. ही टेप मान्यताप्राप्त, पन्नास मिलिमीटर रुंदीची. दुकानात मिळणारं साधं रेडियम लावलं तर दिवसा सारखंच दिसतं, पण पासिंगला चालत नाही आणि रात्री त्याचा उजेडही परतत नाही. वर आणि खाली एकेक टेप धरली की अडीच फुटांतले चार इंच गेले.

मग नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावून घ्यावी लागत आहे. जड व्यावसायिक वाहनाची प्लेट ३४० बाय २०० मिलिमीटरची. या गाडीचा नंबर पूर्वी पेंटरच पिवळ्या चौकोनात काळ्या अक्षरांत फाळक्यावर लिहीत असे आणि त्याचे वेगळे पैसे घेई. प्लेट त्याच जागी लावायचं ठरत होतं, पण दोनशे मिलिमीटर म्हणजे आठ इंच, आणि फळी सहा इंची. प्लेट दोन फळ्यांवर बसली असती. पावसात दोन्ही फळ्या आपापल्या परीनं फुगतात, प्लेट वाकते, रिवेट ढिले होतात. प्लेट स्नॅप-लॉकनं बसते, काढायला गेलं की लॉक तुटतो आणि पुन्हा अधिकृत केंद्राकडे जावं लागतं. म्हणून प्लेट फाळक्याखालच्या आडव्या अँगलवर गेली. पेंटरचं एक काम कायमचं गेलं, फाळक्याची जागा मात्र वाचली.

गाडीच्या डाव्या अंगावरची मालकाचं नाव-पत्ता, रिकामं वजन, भरलेलं वजन ही माहिती अजून हातानंच लिहिली जाते. ती वाचता येणं पासिंगला लागतं, म्हणून पेंटरला दरवर्षी बोलावणं येतं, आणि आलाच आहे तर फाळक्यालाही हात मारून घेतला जातो. ट्रकवरच्या चित्रांचं अर्थकारण एवढंच आहे. पासिंगच्या खर्चातला एक कोपरा. हौस असतेच, पण हौसेला पैसा या कोपऱ्यातून येतो. नव्या गाड्या कंपनीच्या बंद केबिनसह येतात आणि १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. त्यामुळे केबिनवरची चित्रकला आटत जाणार. हौदा अजून बाहेर बांधला जातो, तोवर फाळका पेंटरचा.

टॅक्सीचं उदाहरण शेजारचंच आहे. पद्मिनी टॅक्सीची मुंबईतली शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली, आणि तिच्या छताचं रेक्झिन, मागच्या काचेवरची रेडियमची नावं हे सगळं तिच्याबरोबर गेलं. २०१५च्या सुमारास 'टॅक्सी फॅब्रिक' उपक्रमात डिझायनरांनी टॅक्सींच्या आसनांना आणि छताला छापील कापडं केली. ती देखणी होती. पण ती टॅक्सीवाल्याच्या नेहमीच्या डेकोरेशनवाल्याकडून आलेली नव्हती, आणि कापड फाटलं की ते पुन्हा कोण शिवणार याचं उत्तर त्या साखळीत नव्हतं.

रंगकाम

नव्या फळ्यांना सुतारानं रंधा मारून दिला. रंगाआधी गाठींवर शेलॅक (लाखेचा थर), नाहीतर गाठीतला चीक पिवळ्यातून तपकिरी डाग होऊन वर येतो. मग दोन्ही अंगांना आणि विशेषतः फळीच्या टोकांना वुड प्रायमर. पाणी आत शिरतं ते बहुतेक टोकांतून. लोखंडाला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर. शेड बंदरापासून लांब नाही, हवेत मीठ आहे. अँगल घासून लगेच प्रायमर मारला नाही तर रात्रीतून मिठाचा ओलावा बसतो आणि रंगाखाली सहा महिन्यांनी फोड येतात. गोड्या पाण्यानं पुसून, पूर्ण सुकवून, त्याच दिवशी प्रायमर, असा क्रम ठेवला.

सामान एवढं लागलं : वुड प्रायमर अर्धा लिटर, रेड ऑक्साइड दोनशे मिली, पांढरा एनामेल दोनशे मिली, पिवळा अर्धा लिटर, लाल दोनशे मिली, हिरवा, निळा, काळा प्रत्येकी शंभर मिली, टर्पेंटाइन अर्धा लिटर. सात बाय अडीच म्हणजे साडेसतरा चौरस फूट, एका लिटरमध्ये ब्रशनं शंभर चौरस फूट एक हात होतो, त्यावरून हा हिशेब. पिवळा हातचा राखून घेतला होता, आणि तरी पुरला नसता. शिसं नसलेला पिवळा झाकत नाही. प्रायमरवर थेट मारला तर तिसऱ्या हातालाही खालचं दिसतं. म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात, मग पिवळ्याचे दोन. जुन्या पेंटरांची "आताच्या रंगात दम नाही" ही तक्रार इथून येते, आणि ती खरी आहे.

टर्पेंटाइनऐवजी रॉकेल घातलं की रंग चिकट राहतो आणि चमक मरते. जाड हात मारला तर वरून साय धरते, आत ओला राहतो, सुरकुत्या पडतात. घाईत एनामेलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग किंवा एनसी पुट्टी मारली तर तिच्या थिनरनं खालचा एनामेल उचलला जातो. तीनही चुका टर्मिनलमधल्या कुठल्याही रांगेत दाखवता येतील.

अक्षरांचं काम स्वतंत्र पाहण्यासारखं. पेंटर आधी खडू लावलेली सुतळी ताणून सोडतो, तीच शिरोरेषा. अक्षरं तिच्यापासून खाली लोंबतात, मोजमाप शिरोरेषेपासून होतं. सहा इंचांच्या फळीत टेपचे दोन इंच गेल्यावर चारच उरले. 'आई एकवीरा प्रसन्न'मध्ये 'ई'वरचा रफारासारखा आकडा आणि 'वी'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, त्यांना एक इंच. 'प्रसन्न'मधल्या 'न्न'ला आडवं जास्त लागतं. राहिलेल्या तीन इंचांत अक्षराचा गाभा बसवला तर खालची कड बरोबर दोन फळ्यांच्या सांध्यावर येत होती. सांध्यावर रेघ आली की पहिल्याच पावसात तिला तडा जातो. पेंटरनं गाभा अडीच इंचांवर आणला आणि उरलेल्या अर्ध्या इंचात लाल सावली दिली. तडा गेलाच तर सावलीला जाईल, अक्षराला नाही. हात टेकवायला काठी, आठ नंबरचा गोल ब्रश उभ्या दांड्यांना, चार नंबरचा वळणांना, आणि शेवटी प्रत्येक दांड्याच्या डाव्या कडेला पांढऱ्याची एक बारीक रेघ. या रेघेला 'लाइट मारणं' म्हणतात.

रेडियम कापायच्या मशिनवर, म्हणजे प्लॉटरवर, हेच शब्द टाकून पाहिले. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये 'प्र'ची तिरपी रेघ सुटी कापली गेली आणि नको असलेलं व्हिनाइल उपटताना तिच्याबरोबर निघून आली. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक काहीही धड टिकत नाही. म्हणून रेडियमवाले जाड, ठोकळेबाज फॉन्ट वापरतात आणि सगळ्या गाड्या एकाच हातच्या दिसू लागतात. रेडियममध्ये हात नसतो असं मात्र नाही. वडाळ्यातच दोन रंगांच्या व्हिनाइलचे थर एकमेकांवर चढवून ब्लेडनं मोर कापणारे कारागीर आहेत, आणि त्यांचं काम कुठल्याही यादीत नाही.

गाईच्या मागचा पूल

मधल्या खणावरून वाद झाला. जुन्या फाळक्याचा माग (ट्रेसिंग) महाविद्यालयानं पारदर्शक शीटवर काढून पेंटरला दिला होता. पेंटरनं गाय-वासरू त्याबरहुकूम काढलं, पण डोंगरांच्या जागी चिरंजीवांच्या सांगण्यावरून अटल सेतू आला. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला हा पूल सपाट आहे, त्याला वर तारा नाहीत. पेंटरला तो चित्रात पुलासारखा दिसेना, म्हणून त्यानं त्याला वांद्रे-वरळी सी लिंकचे खांब आणि तारा चढवल्या. सूर्य होता तिथेच राहिला.

विभागाचं म्हणणं, मूळ रचना बिघडली. पण मूळ म्हणजे कुठली? सात थरांपैकी खालून तिसऱ्यात गाय नव्हतीच, तिथे हिरवी-लाल पानं होती. डोंगरही कधीतरी नवेच होते. पेंटरला मागाची सक्ती केली असती तर फाळका प्रदर्शनासाठी रंगवल्यासारखा झाला असता आणि पुढच्या वर्षी मालकांनी तो बदललाच असता. पूल तसाच ठेवला. पेंटरची सही आणि नंबरही ठेवला, कारण त्या अर्ध्या इंचाच्या ओळीतून त्याला पुढची कामं येतात.

'पुन्हा भेटू'च्या मधली जागा रिकामी राहिली. पेंटरनं तिथे दोन कमळं जोडली.

काय बिघडलं

अक्षरं २२ मेला पूर्ण झाली, अदलाबदल २४ला. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्या हिशेबानं एनामेल पक्का व्हायला अडीच आठवडे मिळणार होते. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच आला. टेप २४लाच लावली होती. ताज्या एनामेलमधून अजून टर्पेंटाइन बाहेर पडत असतं, ते टेपच्या गोंदाखाली अडकतं आणि फुगे येतात. आठवड्यात खालची टेप फुगली, मग सुटली. दुसऱ्या वेळी टेप आधी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून पट्टी रिवेटनं फाळक्यावर बसवली. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं, पाऊस वेळेवर आला असता तरी. लाकडावर थेट लावलेली टेप फळीच्या हालचालीत टिकत नाही.

जुलैत खालच्या फळीवर बोल्टांभोवती फोड आले. सुतारानं भोकं प्रायमरनंतर पाडली होती, म्हणून भोकाच्या आतलं लाकूड उघडं राहिलं. बोल्ट काढून, भोकात प्रायमर सोडून, रबरी वॉशरसह पुन्हा आवळले. फोडांवर वरून रंग मारायचा पेंटरचा आग्रह होता, तो मानला नाही. आत ओल असताना रंग मारला की फोड पुढच्या वर्षी मोठा होऊन येतो.

जुन्या फाळक्याचे हाल महाविद्यालयात झाले. उतरवण्याआधी त्याचे समोरून आणि तिरप्या उजेडात रंगपट्टीसह फोटो घेतले होते, फळ्यांच्या पाठीवर क्रमांक ठोकले होते, सुटणाऱ्या खपल्यांवर पातळ टिश्यू कागद मेथिल सेल्युलोजच्या पातळ खळीनं चिकटवला होता. पण लाकडात कित्येक वर्षांचं मासळीचं खारं पाणी मुरलेलं. तो सावलीत, हवेशीर जागी, जमिनीवरून उचलून आडवा ठेवायचा होता. कोणीतरी दोन उन्हाच्या दिवसांत तो गच्चीवर नेऊन ठेवला. लाकूड वरून झपाट्यानं आकसलं, रंग आकसला नाही, आणि चौथ्या फळीवरच्या कमळाच्या पाकळ्या कडांनी उचलल्या. त्यांना पुन्हा बसवायला फाळका वाळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मिठाची पांढरी भुकटी वर येते ती कोरड्या मऊ ब्रशनं झाडायची, मग डिस्टिल्ड पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपायची. भिजवायचं नाही आणि वार्निश तर मुळीच मारायचं नाही. वार्निशनं मीठ आत कोंडलं जातं आणि दोन वर्षांत पिवळेपणा येतो तो वेगळा.

काळा पट्टा काढून 'हॉर्न ओके प्लीज' मोकळं करावं, असा प्रस्ताव विभागातून आला होता. तांत्रिकदृष्ट्या ते जमलं असतं, वरचा काळा खालच्यापेक्षा मऊ होता. पट्टा ठेवला. २०१५चं परिपत्रक एका फाळक्यापर्यंत कसं पोचलं याचा पुरावा तोच आहे, आणि अक्षरं वाचण्यासाठी तिरप्या उजेडातला फोटो पुरतो. नोंदपत्रावर फाळक्याचं वर्ष एकच न लिहिता '२००८ ते २०२५, सात रंगकामं' असं लिहिलं, मालकाच्या लेखी संमतीची तारीख आणि सहीवाल्या पेंटरचा उल्लेख त्याच्या परवानगीनं. त्याच्या आधीच्या पेंटरांची नावं थरांत सापडली नाहीत.

पुढच्या पासिंगसाठी पेंटरला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख दिली आहे. काम तीनच गोष्टींचं : खालच्या फळीला घासून एक हात, डाव्या अंगावरची वजनं, आणि पुलाच्या तारा. चिरंजीवांना त्या आता निळ्या हव्या आहेत.